डॉक्टरांचा हात

बाळंतपणाचं वरचं प्रशिक्षण दिलं सरकारनेच, आणि त्याची रीतसर नोंदणी करून स्वतंत्र परवाना द्या म्हटल्यावर कमिटी बसवली तीही सरकारनेच! डोंगरातल्या दवाखान्यातल्या कुंदा वळवी सिस्टर त्या कमिटीसमोर उभ्या होत्या, आतून नुसत्या धुमसत. अडलेल्या बायकांची सुटका वर्षानुवर्षं त्याच करत आल्या होत्या. तिथले डॉक्टर खर्डे फोनवरून "तुम्हीच बघून घ्या" एवढंच सांगायचे. आज तेच खर्डे अध्यक्षांना खेटून बसले होते.

अध्यक्ष डॉक्टर सबनीस चहाचा घोट घेत म्हणाले, "अहो सिस्टर, नर्स म्हणजे डॉक्टरांचा हात. हाताला कधी वेगळा परवाना लागतो का?"

सगळे हसले. खर्डे जरा जास्तच.

सिस्टरांचा पारा चढला, पण आवाज चढला नाही.

"बरं साहेब, मी हात. मग आमचे डॉक्टर लग्नाला गेले होते आणि इकडे बाळ दगावलं, तेव्हा निलंबित एकटा हातच कसा झाला? बाकीचं अंग तर तुमच्या शेजारी बसून बिस्किट खातंय!"

खर्ड्यांचं बिस्किट चहात विरघळलं, तरी त्यांना ते काढायचं सुचेना. त्या दिवशी नोंदणीला नाही म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.