शेंदूर उतरल्यावर

“पण कोणती आपली, बुवा? एवढंच सांगा... तिघींतली कोणती?”

निरंजनबुवा चौकातल्या दगडी कठड्यावर बसले होते. जुन्या शहराच्या ऐन पोटात असूनही हा चौक निवांत. मधे कोरडं कारंजं, त्यावर कबुतरं. बुवा गोसावी, दुपारची भिक्षा झाली की इथं येऊन बसत.

समोर शिदराम गुरव उभा. घाम पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

लिंबाईचा पुजारी तो. गाव धरणाखाली गेलं तेव्हा देवी या शहरातल्या एका संग्रहालयात आणून ठेवली होती. आता नव्या गावठाणात देऊळ उभं राहिलं, आणि संग्रहालयानं देवी परत द्यायचं कबूल केलं. शिदरामनं फक्त बोट दाखवायचं.

“अंधारात उभी केली तरी ओळखीन,” असं तो गावात पाटलापुढं छाती काढून म्हणाला होता. “पिढ्यान्‌पिढ्या तिची पूजा आमच्या घरात.”

सकाळपासून तो शहरभर फिरला. कुणी तलवारींच्या संग्रहालयात पाठवलं, कुणी नाण्यांच्या. शेवटी राजवाड्यातल्या दालनात देवी सापडली.

म्हणजे, सापडल्या. तिघी.

शेंदराची पुटं काढून लख्ख केलेल्या. काळ्या पाषाणाच्या, सारख्याच उंचीच्या. ना चांदीचे डोळे, ना लुगडं, ना नथ. एकीच्या ओठांवर हसू, दुसरीची मान कललेली, तिसरीचं नाक झिजलेलं. तिघीही बुडालेल्या गावांच्या. कोणती कुठली, ते तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

शिदराम एकीपुढून दुसरीपुढं गेला, दुसरीपुढून तिसरीपुढं. हात जोडायला गेला, तर कुणापुढं जोडायचे तेच कळेना.

तिथून तो तडक इथं आला होता. बुवा दर जत्रेला त्याच्याकडंच उतरायचे. त्यांच्याशिवाय या शहरात त्याचं होतं कोण?

“उद्या सकाळी गाव येतंय, बुवा. टेम्पो घेऊन, हलगी घेऊन. समदे माझ्या बोटाकडं बघणार.”

बुवांनी झोळीतले मूठभर दाणे कबुतरांपुढं टाकले.

“तुम्ही ध्यानात बघा. तुम्हाला कळंल.”

बुवा दाणे टाकतच राहिले.

“दुसऱ्याच कुणापुढं गावानं माथा टेकायचा, अन्‌ आपली इथंच काचंमागं... कोप होईल, बुवा.”

“कोप देवीचा, का पाटलाचा?”

शिदरामनं मान खाली घातली.

बुवांनी डोक्याचा भगवा फेटा सोडला. गळ्यातली रुद्राक्षं काढून कठड्यावर ठेवली. कमंडलूतलं पाणी ओंजळीत घेऊन कपाळावरचं भस्म धुतलं. मग कफनीही उतरवली. फासळ्या निघालेला, टक्कल पडलेला एक म्हातारा उन्हात बसून राहिला.

“मी कोण?”

“हे काय, बुवा... तुम्ही निरंजनबुवा.”

“कशावरून?”

“माझ्या डोळ्यांदेखत उतरवलंत की समदं!”

“तुझी पाठ असती तर?”

शिदराम बघत राहिला. म्हाताऱ्याच्या खांद्यावर एक जुना, खोल व्रण होता. तो कशाचा, हे त्याला माहीत नव्हतं. व्रण आहे, हेही माहीत नव्हतं.

“नसतं ओळखलं,” तो पुटपुटला.

बुवांनी कफनी चढवली. झोळीतली अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली. शिदरामनं ती तशीच उपरण्यात बांधली.

सकाळी गाव आलं. हलगी बाहेरच थांबली. दालनात पुढं हैबतराव पाटील, मागं ओटीचं सामान घेतलेल्या बाया. सगळे अनवाणी.

“हं, काका,” संग्रहालयाच्या अधिकारी बाई म्हणाल्या. “दाखवा.”

शिदरामची नजर त्या हसऱ्या ओठांवर गेली. हीच म्हणावं. कोण अडवणार होतं? दुसऱ्या कुणाला तरी कुठं ठाऊक होतं?

त्यानं बोट उचललं.

मागं बायांच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. त्यानं ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं.

“नाही ओळखत,” तो म्हणाला.

“काय?” पाटील पुढं सरकला.

“मी शेंदूर ओळखायचो, पाटील. देवी नाही ओळखत.”

मग पाटलाचा आवाज चढला. “पिढ्यान्‌पिढ्या म्हणं! देवीचं इनाम खाताना बरी ओळख होती... नव्या देवळाच्या पायरीवर पाऊल ठेवलंस तर याद राख!”

हलगी वाजलीच नाही. बायांनी ओट्या पदराखाली तशाच परत नेल्या. टेम्पो रिकामा गेला. शिदरामला कुणी चल म्हटलं नाही.

दुपारी तो चौकात आला आणि बुवांच्या पायाशी बसला.

“खरं सांगितलं, बुवा... गेलं समदं. गाव गेलं, पुजारपण गेलं. आता मी कुणाचा कोण?”

बुवा कबुतरांकडं बघत होते.

“ते संग्रहालय... अजून उघडं असेल का रे?”

“असंल. सांजपातुर असतंय... का?”

“मग तिकीट काढ,” बुवा म्हणाले, “आणि तिघींचं दर्शन घेऊन ये.”