देवीची पहिली लस

"तुम्हाला ते उत्तर आधी कुणी सांगितलं होतं का, बुवा?"

केशवगीर बुवा चिंचा फोडत बसले होते. मठाच्या ओट्यावर गोणपाट पसरलेलं, एका अंगाला टरफलं, दुसऱ्या अंगाला चिंचोके. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठलं उत्तर?"

"टीव्हीवरचं. मी फोन केला होता तेव्हाचं."

"हां, ते…"

एवढं बोलून बुवांनी पुढची चिंच उचलली. हेरंब त्यांच्या चेहऱ्याकडे बारकाईनं बघत राहिला.

हेरंब तांबवेकर तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा. त्यातही वैद्यकाचा इतिहास हा त्याचा खास प्रांत. कुठला रोग कुठून आला, त्याच्यावर कुणी कधी काय शोधलं, हे त्याला तोंडपाठ होतं, आणि त्याला तोंडपाठ आहे हे सगळ्या तालुक्याला तोंडपाठ होतं. बुवांकडे तो विद्यार्थी असल्यापासून यायचा. शिष्य म्हणवून घ्यायचा, पण तीर्थ हातावर घेतलं की आधी उजेडाला धरून पाहायचा. बुवांनी त्याबद्दल कधी टोकलं नव्हतं.

टीव्हीवरच्या प्रश्नांच्या खेळात तो थेट शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचला होता. प्रश्नही आला तो त्याच्या अगदी घरचा. हिंदुस्थानात देवीची लस सर्वांत आधी कुणाला टोचली? पर्याय चार. एक गोरा लष्करी अधिकारी, एका संस्थानिकाचा मुलगा, एक खलाशी, आणि मुंबईची तीन वर्षांची अ‍ॅना डस्टहॉल.

उत्तर त्याला येत होतं. पण निवेदिका गोड हसली आणि त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एक फोन करायची मुभा होती, तो त्यानं मठात लावला. पर्याय वाचून होताच बुवा म्हणाले, "ती तीन वर्षांची पोरगी."

इतक्या पटकन? हेरंबनं फोन ठेवला, लष्करी अधिकारी म्हणून ठोकून दिलं आणि हात हलवत घरी आला.

"खरं सांगा बुवा. कुणी सांगितलं होतं?"

"तू."

"मी?"

"गेल्या गुरुपौर्णिमेला. इथंच बसून. बगदादहून बसऱ्याला, बसऱ्याहून जहाजानं मुंबईला, ह्याच्या दंडावरून त्याच्या दंडावर करत लस कशी आली, ते तू सांगत होतास. पंगत खोळंबली. भात पार निवला."

हेरंबला आठवलं. भात निवल्याचंसुद्धा आठवलं. आपलंच बोलणं आपल्याला फोनवरून ऐकू आलं आणि आपण त्यावर विश्वास ठेवला नाही, हे काही त्याला बरं वाटलं नाही.

"पण तुम्ही क्षणभरसुद्धा थांबला नाहीत," तो म्हणाला. "म्हणून मला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय."

"विचारलंस, म्हणून सांगितलं. थांबायचं कशाला?"

बुवांनी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. हेरंबनं तांब्यात डोकावून पाहिलं आणि तो बाजूला ठेवला.

"तुला स्वतःला येत होतं ना?"

"येत होतं."

"मग?"

"फार सोपं होतं. शेवटचा प्रश्न इतका सोपा कुणी विचारत नाही. आणि…"

"आणि?"



"तुम्हीच सांगा बुवा. परमुलखातून आलेलं काहीतरी. इथल्या कुणी त्याचा गुण पाहिलेला नाही. ते आपल्या तीन वर्षांच्या लेकराला कोण टोचू देईल? तेही सगळ्यांच्या आधी? पुस्तकात आहे, मी वाचलंय, दर वर्षी शिकवतो. पण त्या खुर्चीत बसल्यावर ते मला खरंच वाटेना. वाटलं, अधिकाऱ्यानं आधी स्वतःला टोचून घेतलं असणार. मी असतो तर तेच केलं असतं."

बुवांचे हात थांबले.

"खुर्चीत बसल्यावर खरं वाटेना," ते म्हणाले. "आणि घरी बसल्यावर?"

हेरंबनं झटकन मान वळवली. ओट्याच्या पायरीवर त्याची बायको मृदुला दहा महिन्यांच्या लेकीला, रेवाला घेऊन बसली होती. तिनं नजर खाली घातली नाही.

"हिनं सांगितलंय तुम्हाला."

"आल्यापासून तुमच्यासमोरच बसलेय मी," मृदुला म्हणाली. "तोंड तरी उघडलं का?"

मग हेरंबला एकेक जुळायला लागलं. एरवी मठाची टेकडी चढायचा कंटाळा करणारी ही, आज सकाळपासून मागं लागली होती. खाली पायथ्याशी आरोग्य उपकेंद्र होतं. येताना तिथं पोरं घेतलेल्या बायका बसलेल्या त्यानं पाहिल्या होत्या, आणि ही मुद्दाम सावकाश चालली होती.

"आज खाली लसीचा दिवस आहे," तो म्हणाला. "म्हणून तुला आजच यायचं होतं."

"हो."

एवढं सरळ उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं. तो गोंधळला.

मृदुला बुवांकडे वळली. "शेजारच्या मणेरीकरांचा नातू गोवरानं दवाखान्यात पडलाय, बुवा. अजून शुद्धीवर नीट नाही. गल्लीतली आणखी दोन पोरं तापलीत. आमच्या रेवाला अजून गोवराची लस दिलेली नाही. मी रोज म्हणते. हे म्हणतात, थांब, आधी नीट वाचून बघतो."

"वाचून झालं नाही?" बुवांनी विचारलं.

"झालं," हेरंब म्हणाला.

"काय निघालं?"

"द्यावी, असंच निघालं."

"मग?"



रेवा आईच्या मांडीवरून उतरली आणि रांगत गोणपाटाकडे आली. तिनं चिंचोक्यांत हात घातला. हेरंबनं लगबगीनं तिची मूठ उघडून चिंचोका काढून घेतला, दुसरी मूठही उघडून पाहिली. ती रडायच्या आत बुवांनी तिला उचलून जवळ घेतलं.

"दीड महिन्याची होती तेव्हा एकदा टोचलं होतं," हेरंब म्हणाला. आता तो हळू बोलत होता. "माझ्याच मांडीवर होती. सुई टोचली तशी रडली, पण डॉक्टरकडे बघून नाही. माझ्याकडे बघून. मग ताप आला. डॉक्टर म्हणाले होते येईल म्हणून, दुसऱ्या दिवशी गेलाही. पण बुवा, ते बघणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्यानंतर मी तिला तिकडे नेलंच नाही."

"म्हणजे लसीवर संशय नाही तुझा."

"आहे. लसीवर आहे, कंपनीवर आहे, डॉक्टरांवर आहे…" तो थांबला. "नाही. मला भीती वाटते."

मृदुलानं प्रथमच त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. लग्न झाल्यापासून हे वाक्य तिनं त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

 रेवा बुवांच्या हाताशी खेळत होती. कोपराच्या खाली त्यांना दोन गोल वण होते, जुन्या नाण्याएवढे. तिचं बोट पुन्हा पुन्हा त्यातल्या एका खड्ड्यात जात होतं.

"देवी काढल्याचे, म्हणजे देवीची लस टोचल्याचे आहेत ते," हेरंब सवयीनं म्हणाला. "त्या काळात सगळ्यांना असे वण राहायचे."

"दोन इथं आहेत," बुवा म्हणाले. "तिसरा आईच्या हातावर होता."

"तिलाही देवी काढल्या होत्या?"

"नाही. मला टोचत होते तेव्हा मी तिला कडकडून चावलो."

मृदुलाला हसू आलं. हेरंबला आलं नाही. या गोष्टीतही काहीतरी डाव असणार, अशा नजरेनं तो बुवांकडे बघत होता. खाली उपकेंद्राच्या अंगणात कुणाचं तरी पोर टाहो फोडून रडायला लागलं, आणि त्याचे कान तिकडे लागले. रडणं थोड्या वेळानं थांबलं. तरी तो ऐकतच राहिला.

"हेरंबा."

"काय?"

"मी एक प्रश्न विचारू? त्या पोरीबद्दलच. अ‍ॅनाबद्दल."

हेरंब सावरून बसला. कितीही झालं तरी हा त्याचा प्रांत होता.

"मुद्दाम अडवायला विचारणार असाल तर आधी सांगा."

"अडवायला कशाला विचारू?"

"मग विचारा. लस पाठवली कुणी, टोचली कुणी, महिना कुठला, तिच्या फोडातली लस पुढं मुंबईतल्या पोरांना कशी गेली, सगळं सांगतो. यातलं मला येत नाही असं काही नाही."

"सगळं येतं?"

"सगळं."

बुवा उठले. धोतरावरची चिंचेची टरफलं त्यांनी झटकली. रेवाला दोन्ही हातांनी उचललं, हेरंबच्या मांडीवर नीट बसवलं आणि तिचा चिकट हात त्याच्या हातात दिला.

रेवानं मान वर करून बापाकडे पाहिलं.

"तर मग सांग," बुवा म्हणाले, "टोचलं तेव्हा ती कुणाच्या मांडीवर बसली होती?"