आमराईला घातलेला वळसा

फार जुन्या काळी, चहूकडून डोंगरांनी वेढलेल्या एका खोऱ्यात काही गावं होती. गावं एकमेकांना दिसत, पण एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला धड वाट नव्हती. लोक ओढ्यातल्या दगडगोट्यांतून, काट्याकुट्यांतून जात-येत. मागून भरधाव घोडेस्वार आला, की डोईवर ओझं घेतलेल्या बाया जीव मुठीत धरून झुडपांत शिरत.

शेवटी सगळ्या गावांची माणसं एकत्र बसली. ठरलं असं, की खोऱ्यात वाटांचं जाळं विणायचं. प्रत्येक वाट दुहेरी करायची. एका अंगानं पायी चालणाऱ्यांनी जावं, दुसऱ्या अंगानं घोड्यांनी आणि लादलेल्या बैलांनी. मधे झाडांची रांग असावी. हे काम कोणावर सोपवायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी रायाजीकडे पाहिलं.

रायाजी थोरल्या गावचा पाटील. त्याचा शब्द खोऱ्यात कोणी खाली पडू देत नसे. ज्याच्या शेतातून वाट जाणार, त्याच्या ओट्यावर तो स्वतः जाऊन बसे. म्हणे, "जमीन तुझी जाते, हे मला कळतं. पण याच वाटेनं तुझी लेक सुखरूप माहेरी येईल." लोक कुरकुरत, आणि मग देत. कोणी शेताची कड दिली, कोणी गोठा मागे सरकवला. एका म्हाताऱ्यानं आपलं बापजाद्यांचं खळं मोडून दिलं.

केरबा नावाचा गडी दोरी ताणून खुंट्या ठोकत पुढे जाई, रायाजी त्याच्याबरोबर चाले. असं करता करता एके दिवशी दोरी रायाजीच्याच आमराईशी येऊन थांबली.

ती आमराई त्याच्या बायकोनं, सगुणेनं लावलेली. आदल्या वर्षी ती तापानं गेली. झाडांच्या मधोमध रायाजीनं तिच्या नावाचा चौथरा बांधला होता. रोज संध्याकाळी तो तिथं जाऊन बसे.

केरबा म्हणाला, "पाटील, वाट इथून सरळ जाते. जमीन सपाट आहे. दोन्ही अंगं नीट बसतात."

रायाजी बराच वेळ झाडांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "वरून घे."

"वर कडा आहे. तिथं दुहेरी वाट बसायची नाही. माणसं नि घोडी एकाच पट्टीत येतील, आणि वळणापलीकडचं काही दिसायचं नाही."

"वरून घे, केरबा."

केरबानं दोरी गुंडाळली. वाट वर का चढली, हे खोऱ्यात सगळ्यांनाच कळलं. पण पाटलाची जखम अजून ओली आहे, असं म्हणून कोणी शब्द काढला नाही. खळं देणारा म्हातारासुद्धा गप्प राहिला.

वाटा झाल्या. बाजार भरू लागले, लेकी माहेरी येऊ लागल्या. लोक रायाजीला दुवा देत.

मग एका सकाळी खोऱ्यात दाट धुकं उतरलं. घोंगड्या विणणारा म्हाळू पाठीवर गठ्ठा घेऊन बाजाराला निघाला होता. समोरून एक तरुण स्वार घोडा दौडवत आला. तो काही उनाड नव्हता. बाप अंथरुणाला खिळलेला, म्हणून वैद्याला आणायला निघाला होता. कड्यावरच्या वळणावर दोघं समोरासमोर आले. घोडा बुजला. म्हाळूला बाजूला व्हायला बाजूच नव्हती. तो कड्यावरून खाली गेला.

दिवसकार्य उरकल्यावर म्हाळूची बायको तान्हू रायाजीच्या अंगणात येऊन उभी राहिली. रायाजी हात जोडून म्हणाला, "बाई, तो स्वार सापडलाय. तू म्हणशील ती शिक्षा त्याला करू."

"त्याला सोडून द्या," तान्हू म्हणाली. "मला एवढंच सांगा, वाट तिथं वर का चढली?"

खाली खडक लागला, पाणी लागलं, असं काहीही सांगता आलं असतं. तिनं ते ऐकूनही घेतलं असतं.

"सगुणेच्या आमराईतून ती जाऊ द्यायचं माझ्या जिवावर आलं," रायाजी म्हणाला.

तान्हू हळू आवाजात म्हणाली, "ते वळण पाहिलं तेव्हाच आमचा माणूस म्हणाला होता, पाटलांना जाऊन सांगतो, ही जागा धोक्याची आहे. मीच त्याला अडवलं. म्हटलं, दुःखातलं माणूस आहे, बोलू नका." तिनं पदर तोंडाला लावला.

"तो दोष तुझा नाही," रायाजी म्हणाला. "तू माझा विचार केलास. मी कोणाचाच केला नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताच रायाजी कुऱ्हाड घेऊन आमराईत गेला. केरबा धावत आला. "पाटील, कड्याला कठडा बांधू. झाडं राहू द्या."

"कठड्यानं वाट रुंद होणार नाही," रायाजी म्हणाला.

आधी त्यानं चौथऱ्याचे दगड एकेक करून काढले आणि आमराईच्या कडेला नेऊन रचले. मग पहिल्या झाडावर घाव घातला. झाड मोहरलेलं होतं. लोक येऊन उभे राहिले, आणि तेही कामाला लागले. दुहेरी वाट आमराईतून सरळ पलीकडे गेली. कड्यावरची वाट दगड रचून बंद केली.

लोक म्हणू लागले, पाटलांनी केवढा त्याग केला. रायाजीला ते ऐकवत नसे. तो म्हणे, "तुम्ही सगळ्यांनी वेळेवर दिलं. मी माणूस गेल्यावर दिलं."

पुढं तो त्याच वाटेच्या मधे लावलेल्या रोपांना पाणी घालीत असे. बाजाराच्या दिवशी तान्हू पाठीवर घोंगड्यांचा गठ्ठा घेऊन तिथून जाई. ती दिसली, की रायाजी घागर खाली ठेवून बाजूला उभा राही. तिनं कधी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्यानंही कधी हाक मारली नाही. तो जिवंत असेपर्यंत हे असंच चाललं.

लहानथोरांनो, या गोष्टीचा बोध असा: सगळ्यांसाठी वाट आखणाऱ्यानं आपल्या जिव्हाळ्याच्या जागेला वळसा घालू नये, कारण त्या वळशाची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते.