वेळखोलच्या डोणीच्या काळ्या खुंट्या

काठावर उपडी घातलेली ही डोण, आमची पाणी ओलांडायची होडी, बघा. आंब्याच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली आहे, कुठे सांधा नाही. बुडाला बोटाएवढे काळे ठिपके दिसतात ना, त्यांना पाहुणे किडीची भोकं समजतात. किडक्या डोणीत बसवायला आम्ही काही तुमचे वैरी नाही. त्या खैराच्या खुंट्या आहेत. आम्ही वेळखोलच्या सुतारांनी त्या का ठोकायला घेतल्या, ते सांगतो.

फार मागे इथे झिलू मेस्त नावाचा सुतार होता. ओंडका बाहेरून कुऱ्हाडीने तासायचा, आतून वाकसाने, म्हणजे जड तासणीने, कोरायचा. पण बूड पातळ होत आलं की वाकस ठेवून पटाशी घ्यावी लागते. एक घाव जास्तीचा बसला की संपलं. ती वेळ कधी आली हे आत बसलेल्याला दिसत नाही. झिलू बोटाच्या पेराने बूड वाजवायचा. जाड लाकूड दबकं बोलतं, पातळ टणकन बोलतं. त्या आवाजावर तो हत्यार बदलायचा, आणि असे सांगतात की त्याची एकही डोण कधी गळली नाही.

पण चाळीस वर्षं ठोकाठोकी करून त्याचे कान गेले. हाकेला ओ येईना, तेव्हा गाव म्हणायचं, "मेस्त शेफारलो!" त्यालाही ते बरंच वाटायचं. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा शिष्ट म्हणवून घेणं बरं. खरं काय ते एकट्या सगुणेला, त्याच्या बायकोला, कळलं होतं. त्याच्या पाठीमागे तिच्या हातून तांब्याची कळशी पडली आणि त्याने मानसुद्धा वळवली नाही. ती गप्प राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची. सुताराचे कान गेले म्हटल्यावर त्याला ओंडका कोण देणार?

त्याच वर्षी त्याने नवी डोण कोरायला घेतली. बूड वाजवायचा, ऐकल्यासारखं करायचा आणि पुन्हा वाकसच उचलायचा. पटाशी पेटीतून निघालीच नाही. सगुणा रोज जेवण घेऊन यायची आणि हे बघायची. तिला ते लाकूड टणकन बोलताना ऐकू येत होतं म्हणे.

नव्या डोणीची पहिली खेप सुतारानेच न्यायची, असा रिवाज. त्या खेपेला त्यांची मुलगी शेवंती पलीकडे सासरी निघाली. सगुणेने तिचा हात धरला.

"आज जाव नको गो."

"कित्याक?"

कारण सगुणेच्या ओठांवर आलं, पण भोवती सारं गाव उभं होतं. ती म्हणाली, "असाच."

शेवंती हसली. "बाबांनी केलली डोण ती. भिऊक काय झाला?"

झिलू पुढच्या उंच टोकावर उभा राहून बांबूने डोण रेटत होता, तोंड पलतीराकडे. शेवंती मागे बसलेली. दहा हात गेले नाहीत तोच बूड चिरलं.

"बाबानू, पाणी इला! परत फिरवा!"

तो रेटतच राहिला. त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं असं मानत. काठावरून सगुणेने ते घेतलं. "झिलू! ए झिलू!" पाणी पायांना लागलं तेव्हा त्याने मागे पाहिलं, आणि तोवर डोण मधल्या धारेत गेली होती. तो काठाला लागला. शेवंती लागली नाही.

"माका ठावक होता," एवढंच सगुणा सगळ्यांसमोर म्हणाली. इतकी वर्षं ही गोष्ट सांगतोय, पण हे वाक्य अजून मला नीट सांगवत नाही.

पुढे झिलूनेच खुंट्यांची युक्ती काढली. बाहेरून गिरमिटाने भोकं पाडून दोन बोटं लांबीच्या खुंट्या ठोकायच्या. आतून कोरताना काळं टोक दिसलं की हात थांबवायचा. कानांचं काम त्याने डोळ्यांवर सोपवलं. पण भर पाण्यात मागून कुणी हाक मारली तर? त्याला खुंटी काय करणार? म्हणून दुसरी चाल सगुणेने पाडली.

आजही नव्या ओंडक्याला हत्यार लावायच्या सकाळी सुताराची बायको त्याच्या पाठीमागे उभी राहते आणि हळू आवाजात, एकदाच, त्याचं नाव घेते. त्याने ओ दिली तरच कामाला सुरुवात. गेल्या माघात माझ्या बायकोनेही माझ्या पाठीमागे उभं राहून माझं नाव घेतलं म्हणे. मी आपला ओंडक्याकडे बघत, ती कधी हाक मारते याची वाट पाहत उभा होतो. मग ती पुढे आली, आणि रडत रडत, साऱ्या गावासमोर, माझा वाकस उचलून घरात घेऊन गेली.