गिळलेला जंतू

"सगळं गिळून टाकलं, बाबा. तरी संपलं नाही म्हणता?"

विचारणारे डॉक्टर श्रीरंग. छातीच्या रोगांचे नावाजलेले डॉक्टर. दवाखाना मुलीच्या हवाली करून ते टेकडीवरच्या तकियात, फकिरांच्या मठीत, राहायला आले होते. तिथल्या हैदरबाबांच्या हातून त्यांना फकिरीची कफनी हवी होती.

तकियाची रीत जुनी. ज्याच्याशी वैर, त्याच्या हातची भाकर मागून आणायची. ती खायची. मग कफनी.

श्रीरंगांचं वैर सख्ख्या थोरल्या भावाशी. आई गेली, तेव्हा भावाने त्यांना कळवलं ते अग्नी दिल्यावर.

भाकर समोर होती.

"दादाने दिली?"

"वहिनींनी. दादा आत पडून होता. फार आजारी आहे... उठवलं नाही."

"बरं केलंस," बाबा हसले. "तुलाही सोपं गेलं."

श्रीरंगांना ते लागलं.

"आजवर एका शब्दाने बोललो नाही मी त्याला!"

बाबांनी भाकर जवळ ओढली. मग म्हणाले,

"शरीरात राखणदार असतात म्हणत होतास. गिळणारे."

"भक्षकपेशी." डॉक्टर सावरून बसले. "अंगात जागोजागी पहारा करतात. जंतू दिसला की त्याला वेढतात, गिळतात, पोटात विरघळवतात. लढाई सरली की आपल्याच मेलेल्या पेशीही उचलतात. तेव्हा कुठे जखम भरते."

"मुकाट्याने?"

"नाही. गिळलेल्या जंतूचा तुकडा अंगावर वागवतात. दुसऱ्या पेशींना दाखवतात. त्याशिवाय बाकीच्यांना शत्रू कळणार कसा?"

"आणि क्षयाचा जंतू?"



"त्यालाही गिळतात. पण पुष्कळदा तो विरघळत नाही. त्यांच्याच पोटात घर करतो... वर्षानुवर्षं."

"राखणदाराला कळतं?"

"पेशीला काय कळणार, बाबा?"

"हां... पेशीला नाही कळत."

खाली ओढ्यावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडून श्रीरंगांच्या हातात दिला.

श्रीरंगांनी तो तोंडात घातला. चावला. पुन्हा चावला. गळ्याची घाटी वरखाली झाली, पण घास जाईना. डोळे भरून आले.

बाबांनी आपली ओंजळ त्यांच्या हनुवटीखाली धरली. लेकराच्या तोंडाखाली धरावी तशी.

"थुंक, बेटा."

एवढा मोठा डॉक्टर... म्हाताऱ्याच्या ओंजळीत थुंकला.

"त्याने मला आईचं तोंड पाहू दिलं नाही, बाबा."

"हे त्याला सांगितलंस कधी?"

श्रीरंगांनी मान हलवली. नाही.

"किती दिवसांचा सोबती आहे तो?"

"थोड्याच."

बाबा उठले. रांजणापाशी जाऊन त्यांनी हात धुतले. सावकाश, नीट.

"मग कफनी राहू दे. आज जा, आणि दादाशी पोटभर भांडून ये."