घळीतली शीळ

एकदा एक बाई घसा बसेपर्यंत खरं सांगत होती आणि वाडीतल्या एकानंही तिच्यावर विश्वास ठेवला नाही. बाई म्हणजे तिथल्या वृद्ध वैद्यांची शिष्या. मुलगा रात्री रानात गेलेला, आणि तिची सून पहाटे ओढ्याच्या घळीत मेलेली सापडली होती. बिबट्यानंच मारली म्हणत माणसं काठ्या आणि धुरासाठी मिरच्या घेऊन घळीच्या वरच्या गुहेपाशी जमली. आत मादी होती, तिची दोन पिल्लं होती.

“अरे, शेवटची आंघोळ मी घातली तिला. दात नाही, नख नाही. पडून डोकं फुटलंय!”

“आत्या, सून गेली ती गेली, आणि तुला बिबट्याचा पुळका?” एक जण म्हणाला. चारजण हसले. सुतकातल्या बाईला हसले.

इतक्यात वैद्य आले. म्हणाले, “वाडीतल्या सगळ्या सुनांना बोलवा. डोळ्यांवर पदर घ्या गं. बाकीच्यांनी तोंड मिटा.”

“म्हातारा चळला,” कोणीतरी पुटपुटलं. पण सुना आल्या आणि डोळ्यांवर पदर ओढून उभ्या राहिल्या.

त्या वाडीत नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे. रानातून ओझं घेऊन आला की ओढ्यापाशी थांबून शीळ घाली, आणि ती धावत जाऊन ओझं घेई.

थोड्या वेळानं घळीतून लांब, गोड शीळ आली. अकराच्या अकरा सुनांनी त्या दिशेला पाऊल टाकलं. वैद्यांनी काठी आडवी धरली.

“पदर काढा.”

खाली दगडावर कस्तूर पक्षी शीळ घालत होता.

वैद्य म्हणाले, “पोर अंधारात हीच शीळ नवऱ्याची समजून धावली. त्या जनावराला दात आहेत म्हणून तुम्ही त्याला भिता. या पाखराला गळा आहे म्हणून त्याचं कौतुक करता. दोघंही आपल्या स्वभावानं जगतात. दोघांच्याही मनात पाप नाही. पोरीला एक नाव होतं. ते काही पाखराला घेता येत नाही. ज्याला येत होतं, त्यानं घेतलं नाही.”

काठ्या खाली आल्या. सगळे बाईच्या मुलाकडे बघू लागले. तो मान खाली घालून उभा होता.

“त्याच्याकडे काय बघता?” बाई कडाडली. “त्यानं घेतलं होतं नाव. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, अंगणातून, मोठ्यानं. पोरीच्या सासूनं त्याच्या थोबाडीत मारली. शीळ घाल म्हणाली.”

वैद्य हळूच म्हणाले, “मग त्या सासूचं नाव सांग, बाई.”

तिनं सगळ्यांदेखत स्वतःचं नाव घेतलं.

“द्वारकाबाई.”