पलीकडच्या वाडीची वाळू

त्या दिवशी आभाळ मोकळं होतं, श्रावणातलं ऊन पडलं होतं, आणि सकाळपासून दक्षिणेचा वारा सुटला होता. वारा काही मोठा नव्हता. दोरीवरचं धोतर फडफडावं, एवढाच. पण होता.

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. तिथे लखू नावाचा एक म्हातारा कोळी राहत असे. तो गावचा तांडेल, म्हणजे होड्यांचा म्होरक्या. खाडीच्या उत्तरेला लखूची वाडी. तिला अलीकडची वाडी म्हणत. दक्षिणेला दुसरी, ती पलीकडची. मध्ये पाणी होतं, पण इकडून हाक मारली की तिकडे ऐकू जाई. लखूच्या घरासमोर, पाण्यापलीकडे, द्वारकी नावाच्या विधवा बाईचं घर होतं. मासळी विकून ती पोट भरी. मध्ये खाडी असली तरी लखू तिला शेजारीणच म्हणे.

आता त्या गावाची रीत ऐका. दर पावसाळ्यात समुद्र खाडीच्या तोंडात वाळू आणून टाकी. तिचा दांडा चढे आणि होड्यांची वाट बंद होई. म्हणून नारळी पौर्णिमेच्या आधी दोन्ही वाड्यांचे लोक, घरटी एक माणूस, आठ दिवस ओहोटीला फावडी घेऊन उतरत आणि वाट मोकळी करत. पण उपसलेली वाळू कुठेही टाकायची नाही, असा नेम होता. जुनी माणसं म्हणत, तोंडात अडकलेली वाळू कुणाच्या तरी किनाऱ्याला जायला निघालेली असते. तिला तिथे पोचवलं नाही, तर तो किनारा झिजतो.

आणि तो किनारा कोणता, हे कसं कळायचं? त्यासाठी तांडेल नारळाच्या एकवीस सोडणांना, म्हणजे वरच्या जाड सालींना, चुना फासून ओहोटीच्या पाण्यात सोडी. जिथे जास्त सोडणं लागतील, तिथे वाळू जाई. बहुतेक वर्षी ती पलीकडच्या वाडीलाच लागत. फक्त एक अट होती. सोडणं पडल्या वाऱ्यातच सोडायची. कारण सोडण वर तरंगतं, त्याला वारा ढकलतो. वाळू खालून चालते, ती पाण्याचंच ऐकते. वारा असला तर थांबायचं. एक दिवस, चार दिवस, तो पडेपर्यंत.

त्या वर्षी ज्येष्ठात वादळ झालं होतं. लखूच्या घरामागचा वीस पावलं किनारा समुद्राने नेला होता. मासळी वाळवायचं खळं अर्धं गेलं होतं. लाट आता मागच्या भिंतीपासून हाताच्या अंतरावर येई. त्या घरात लखूचा बाप जन्मला होता.

वारा सुटलेल्या त्या सकाळी लखूने सोडणांची पाटी उचलली. तेव्हा त्याची बायको साखरू म्हणाली, "आज तर वारा आहे."

"असू दे," लखू म्हणाला.

तिने एकदा मागच्या भिंतीकडे पाहिलं.

खाडीवर सगळे जमले होते. कुणी वाऱ्याचं नाव काढलं नाही. लखूने सोडणं सोडली. ती थोडी दक्षिणेला गेली, मग वाऱ्याने वळली, आणि एकविसातली सतरा लखूच्याच घरामागे येऊन लागली.

"झालं. यंदा समुद्रानं तांडेलाच्या दाराला कौल दिला," बुधाजी म्हणाला. हा अलीकडच्या वाडीतला लखूचा जुना सोबती.

पलीकडून द्वारकी ओरडली, "समुद्र आता घरं ओळखायला लागला वाटतं!"

लोक हसले. लखूही हसला. मग आठ दिवस माणसं राबली आणि सगळी वाळू लखूच्या घरामागे पडली. केवढा किनारा झाला! साखरूने त्याच्यावर बोंबील पसरले. पौर्णिमेला नारळ वाहिला आणि होड्या समुद्रात गेल्या.

पुढे दोन उधाणं आली. पहिल्या उधाणात लखूच्या घरामागची निम्मी वाळू गेली. दुसऱ्यात उरलेली गेली. ती लांब कुठे गेली नाही. पाणी तिला दक्षिणेला घेऊन निघालं आणि वाटेत खाडीच्या तोंडात ठेवून गेलं. दांडा पुन्हा चढला. मासळीने भरलेल्या होड्या बाहेर अडकल्या. भरतीची वाट बघता बघता मासळी उतरली. आणि पलीकडच्या वाडीला त्या वर्षी वाळूच मिळाली नाही, म्हणून तिथला किनारा खचला. द्वारकीचे दोन माड आडवे झाले आणि तिच्या चुलीची भिंत उघडी पडली.

देवळापुढे गाव जमलं. कुणी म्हणालं, देवाचा कोप झाला. कुणी म्हणालं, कौल घेताना कुणीतरी विटाळ केला. बुधाजी म्हणाला, "तांडेलाला बोल लावू नका. सोडणं जिथे लागली तिथे त्यानं वाळू टाकली. यात त्याचा काय दोष?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. लखूला तेवढंच हवं होतं. आणखी थोडा वेळ तो गप्प बसता, तर गोष्ट तिथेच मिटती. पण समोर द्वारकी बसली होती. ती भांडली असती तर त्याने कानाआड केलं असतं. ती भांडली नाही. आपली चूल आता कुठे मांडावी, एवढंच ती शेजारच्या बाईला विचारत होती.

लखू उठला. "कोप नाही आणि विटाळ नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी वारा होता. मला ठाऊक होतं. म्हणूनच मी तो दिवस धरला."

मग बुधाजी खाली बघत म्हणाला, "वारा आम्हालाही लागत होता, लखू. होड्या काढायची घाई होती."

"तुमची घाई होती. माझी लबाडी होती," लखू म्हणाला. "दांडा पुन्हा उपसायचा. या खेपेला वाळू पलीकडे."

लोक कुरकुरले. ऐन हंगामात आठ दिवस होड्या बांधून कोण ठेवणार? जो तो आपल्या घरी गेला.

सकाळची ओहोटी लागताच लखू एकटाच तोंडाशी उतरला. होडीत मावेल तेवढी वाळू भरायची, पलीकडे न्यायची, द्वारकीच्या माडांशी ओतायची, परत यायचं. दिवसभरात सहा खेपा झाल्या. एवढ्या वाळूने काय होणार? एक कोंबडी नीट उकरायला पुरली नसती. द्वारकी दारात उभी राहून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सात खेपा झाल्या. तिसऱ्या दिवशी बुधाजी फावडं घेऊन आला. म्हणाला, "तू असाच राबलास तर पुढच्या शिमग्यापर्यंत वाट मोकळी होईल. सर तिकडे." चौथ्या दिवशी दोन्ही वाड्या पाण्यात होत्या.

वाट मोकळी झाली. पलीकडचा किनारा भरला, द्वारकीची चूल पुन्हा जागेवर आली. लखूचं घर मात्र राहिलं नाही. कार्तिकाच्या उधाणात मागची भिंत पडली आणि पाठोपाठ घर बसलं. गावाने त्याला आत, चिंचेपाशी, झोपडं बांधून दिलं. तिथे सावली दाट. मासळी वाळेना.

एक दिवस लखू आणि साखरू बांगडे भरलेल्या दोन पाट्या घेऊन होडीतून पलीकडे आले. जागा मागावी कशी, हे लखूला कळेना. पाटी डोक्यावर तशीच धरून तो वाळूत उभा राहिला.

द्वारकी आतून आली. तिने पाटीकडे पाहिलं, लखूकडे पाहिलं आणि म्हणाली, "उभे काय राहिलात, तांडेल? ही वाळू काय मी वाहून आणली? पसरा लवकर. नाहीतर कावळे विचारणार नाहीत, मासळी कुठल्या वाडीची ते."

तात्पर्य: गावाचं फावडं ज्याच्या हाती असेल, त्याने आपलं दार सगळ्यांत शेवटी बघावं, आणि चूक झाली, तर ती दुसऱ्याने झाकायच्या आत आपणच उघडी करावी.